डाव्या पायाचं पॅडल

मी कुठल्याही गाडीत बसले की माझी नजर आधी ड्रायव्हरच्या डाव्या पायाकडे जाते. परवा राजगुरुनगरहून एसटीनं येताना नेमकी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जागा मिळाली. चाकण येईपर्यंत मी त्याच्या पायाकडेच बघत होते. तो क्लच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, आणि त्याला त्याचं काही म्हणजे काही नव्हतं. तोंडानं गाणं चालू होतं. मला मेलं उगाचच भरून आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, मावशी, मळमळतंय का? मी हो म्हटलं. तिला काय सांगत बसणार?

ज्यांनी गाडी हाकली नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते. डाव्या पायाचं पॅडल म्हणजे क्लच. ते पुरतं दाबल्याशिवाय गिअर पडत नाही, आणि बेतानं सोडल्याशिवाय गाडी नीट उठत नाही. हात थोडा जड असला तरी ड्रायव्हर निभावून नेतो. डावा पाय गेला की ड्रायव्हर गेला. आमच्या घरात हेच झालं होतं.

हे, म्हणजे माझे मालक, मूळचे माणदेशातले. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आता ऐकायला ते नाहीत, तर घेऊन कुणाला ऐकवू? पिंपरीला एकामागून एक कंपन्या उभ्या राहात होत्या, तेव्हा हे ड्रायव्हर म्हणून आले आणि एका कंपनीत चिकटले. फाउंड्रीत लोखंड ओतून केलेलं ओतीव काम मशीन शॉपला नेऊन टाकायचं, हे यांचं काम. त्यासाठी एक जुनी अमेरिकन पिकअप होती. निळी, गोल नाकाची, बाजूला पाय ठेवायला रुंद फळ्या. मी तळवड्याची. लग्न होऊन चिंचवडला चाळीतल्या दोन खोल्यांत आले, तेव्हा सवत म्हणून मला ती गाडीच मिळाली. दुपारी कधी आमच्या गल्लीवरून जाताना हे मुद्दाम हॉर्न वाजवायचे. मी दारात येऊन ओरडायची, की कंपनीचं पेट्रोल काय तुमच्या सासऱ्याचं आहे का? आवडायचं मला ते, पण तसं म्हणायची सोय नव्हती. माझं तोंड पहिल्यापासून असंच.

एक दिवस माल उतरवताना फळीवरून भलं मोठं ओतीव घसरलं आणि यांच्या डाव्या पावलावर आलं. चूक कुणाची नव्हती. फळी ओली होती. दवाखान्यात हाडं जुळली, पण घोटा जो धरला तो धरलाच. पाऊल वाकेना आणि बोटांत जोर येईना. चालायचे, पण पाय उचलून ठेवत. कंपनी वाईट नव्हती, तिनं यांना स्टोअरमध्ये घेतलं. खिडकीमागे स्टुलावर बसायचं, कामगार येईल त्याला नटबोल्ट, पाने, हातमोजे काढून द्यायचे. दुसरा कुणी असता तर बसून पगार मिळतोय म्हणून त्यानं पेढे वाटले असते.

हे मात्र वाळत गेले. संध्याकाळी शिफ्ट सुटली की दारात पायरीवर बसायचे आणि मुंबई रस्त्यावरच्या गाड्या ऐकायचे. बघायचे नाहीत, ऐकायचे. मग मध्येच म्हणायचे, तिसऱ्यातच ओढतोय, खाईल गिअरबॉक्स. दिवसभरात यांच्या तोंडून निघणारं वाक्य तेवढंच. मी आतून भांडी आपटायची. एकदा रागाच्या भरात म्हटलंही, पाय गेलाय, जीभ तर शाबूत आहे ना? त्यावर माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्यापेक्षा एक ठेवून दिली असती तरी बरं वाटलं असतं, इतकं ते घर गप्प झालं होतं.

आमच्यापासून दोन दारं सोडून एक भाऊजी राहायचे. मशीन शॉपमध्ये फिटर, परभणीकडचे, यांच्यापेक्षा बरेच लहान. त्या दिवशी ओतीवाचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं. त्याबद्दल ते एका शब्दानं कधी बोलले नाहीत, पण त्या दिवसानंतर आमच्या दारात आले नाहीत असा दिवस गेला नाही. दारातूनच 'जयभीम वहिनी' म्हणायचे आणि यांच्या शेजारी पायरीवर बसायचे. एका संध्याकाळी मात्र बसले नाहीत. उभ्याउभ्याच यांना सांगितलं, दादा, आपली गाडी भंगारात निघाली. इंजिन काढून घेतलंय, उरलेला सांगाडा लिलावात लावलाय.

दोघांच्या मनात काय आलं ते मला तिथंच कळलं. मी पोळपाट-लाटणं हातात घेऊनच बाहेर आले आणि म्हटलं, "इंजिन नसलेली गाडी आणि पाय नसलेला ड्रायव्हर. वा, काय जोडा जमलाय."

बोलून गेले आणि माझी मलाच शरम वाटली. भाऊजींनी खाली मान घातली. आणि हे हसायला लागले. पायरीवर हात आपटून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. किती महिन्यांनी ते हसणं ऐकलं मी. त्या हसण्यापुढं मी कसली नाही म्हणणार? पैसे कसे उभे केले ते सोडा, सगळे करतात तसेच केले.

सांगाडा आणायला माझे वडील, आमचे आबा, तळवड्याहून बैलं घेऊन आले. गुरुवार होता, आमच्याकडं कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. पिकअपला पुढून दोर बांधून बैलं जुंपली. हे आत स्टिअरिंगवर बसले, डोक्याला टोपी, अंगात धुतलेला सदरा. निगडीच्या पुढं लोक रस्त्याच्या कडेला थांबून बघायला लागले. हसत होते. आणि आमचे हे, बैलं ओढतायत त्या गाडीला, प्रत्येक वळणावर खिडकीतून हात काढून रीतसर इशारा देत होते. मी मागं हौद्यात बसले होते, पदर तोंडाला लावून. हसू यायचं आणि त्याच्या मागोमाग रडू यायचं.

आबांच्या खळ्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर होतं, तिथं गाडी उभी केली. मळणी उरकलेली होती, म्हणून आबांनी जागा दिली. पेट्रोल तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं राहिलं नव्हतं. म्हणून एका अपघातात गेलेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन मिळवलं. तीन वासे उभे करून, साखळीची कप्पी लावून ते वर घेतलं तर वासेच कुरकुरायला लागले. नाकापेक्षा मोती जड. नुसतं उतरवून ठेवायला दोन गुरुवार गेले, कारण ते पुढं घेतलं तर पंख्याला अडायचं, मागं घेतलं तर स्टिअरिंगच्या दांड्याला.

आणि आता ऐका, शहाण्यांनी काय केलं. भाऊजींची सगळी नोकरी मशीन शॉपमधली. तिथं लेथ बसवायची म्हणजे पाया घालायचा, पाणसळ लावून सपाट करायची आणि अशी आवळायची की चालू असताना वर उभं ठेवलेलं नाणं पडता कामा नये. दोघांनी इंजिनही तसंच बसवलं. लोखंडाचे जाड पाय केले, चॅसिसला वेल्डिंग केले, त्यावर इंजिन बोल्टनं थेट आवळलं, मध्ये रबर नाही की काही नाही. वर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्यावर आणला. आबा काठी टेकून बघत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, ही गाडी हितंच ऱ्हायाची हाय का रस्त्यानं जायाची हाय? भाऊजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

इंजिन चालू झालं आणि बाई गं, आख्खी गाडी हिवताप भरल्यागत थडथडायला लागली. मडगार्डवर ठेवलेला चहाचा कप चालत चालत कडेला गेला आणि पडला. कोंबड्या पत्र्यावर. हे स्टिअरिंगवर बसलेले, यांचे गाल थरथरत होते, तरी तोंडभर हसत होते. पुढच्या गुरुवारी बघितलं तर इंजिनखालचा पुढचा एक पाय तडकलेला. भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. मशीन हलली की तिच्यावर चढवलेला जॉब बिघडतो, एवढंच आपण आयुष्यभर शिकलो, असं पुटपुटत बसले. मी ताट वाढून आणलं आणि म्हटलं, ही मशीन हलायलाच केलेली आहे, आता गिळा.

मग फाउंड्रीतून टाकून दिलेल्या जाड पट्ट्याचं रबर आणलं. त्याचे चौकोनी तुकडे कापून, एकावर एक रचून, प्रत्येक पायाखाली बसवले. इंजिन शांत झालं. म्हणजे धडधडायचं, पण आपल्या आपल्यात. सगळे खूश. आता काय, फक्त पॅडलचं उरलं, असं दोघंही म्हणाले. फक्त!

पॅडल जोडलं त्या दिवशी हे चढून बसले. डावं पाऊल दोन्ही हातांनी उचलून पॅडलवर ठेवलं आणि दाबलं. गेलं नाही. स्टिअरिंगला धरून, अंग वर उचलून दाबलं. अर्धवट गेलं. गिअर टाकायला गेले तर करकर आवाज झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा करकर. मानेवरून घाम ओघळायला लागला. मग हे खाली उतरले, कुणाकडं न बघता विहिरीवर गेले आणि हातपाय धूत बसले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. गाडीचं काय, ती तशीच भंगारात गेली असती, कुणाचं काय अडलं होतं? पण यांना जर ते पॅडल दाबता आलं नसतं, तर हे त्या खिडकीमागं परत गेले असते ते कायमचे. आधी निदान कधीतरी होईल असं वाटायचं तरी. आता करून बघून झालं नाही म्हटल्यावर काय उरतं माणसाकडं? मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते आणि देवाला नुसती एकच गोष्ट मागत होते, की यांना गाडी चालवता येऊ दे. बाकी काही नको.

पुढच्या गुरुवारी भाऊजींनी यांना कांद्याच्या भरलेल्या पोत्यावर बसवलं. स्वतः समोर मातीत बसले, पाठ गाडीच्या चाकाला टेकवली, आणि आपला उजवा तळहात यांच्या डाव्या तळपायाला लावला. म्हणाले, दाबा. यांनी पाय झटकन मागं घेतला. कुणाला चुकून पाय लागला तरी आपण त्या माणसाला हात लावून तो हात छातीला नेतो, आणि इथं तर माणूसच हात पुढं करतोय. भाऊजींनी पाय परत ओढून घेतला. यांनी दाबला. दाबून झाल्यावर खाली वाकले, भाऊजींच्या खांद्याला हात लावला आणि छातीला लावला. पुन्हा दाबला, पुन्हा वाकले. असं चाललं. शेवटी भाऊजी चिडले.

"दादा, हे नमस्कार बंद करा. मला जोर मोजायचाय. मी देव नाही."

"तू मोज की," हे म्हणाले. "मी कुठं आडवतोय?"

आणि नमस्कार काही थांबले नाहीत. पण त्यातून एक कळलं. बोटांत आणि चवड्यात काहीच उरलं नव्हतं. टाचेनं दाबलं, पाय सरळ ठेवून मांडीतून रेटा दिला, की जोर यायचा. फार नाही, पण यायचा. भाऊजी उठले, तळहात तसाच उघडा धरून गाडीपाशी गेले आणि त्याच हातानं पॅडल दाबून बघितलं. म्हणाले, जड हाय. मग दांडी लांब केली, पुन्हा तळहात लावला. अजूनही जड. पोत्यापाशी यायचे, यांच्या टाचेचा जोर पुन्हा हातात घ्यायचे, तो घेऊन गाडीकडं जायचे. दोन-तीन गुरुवार दुसरं काही केलं नाही. कंपनीत जोर मोजायची किती तरी साधनं असतील, पण ते म्हणायचे, हाताला लक्षात राहतं. एका बंद पडलेल्या मशीनची स्प्रिंग आणून अशी लावली की पॅडल अर्ध्यावर गेलं की तीच पुढं ओढायची. पॅडलची पट्टी मोठी केली, डावीकडं सरकवली, उंच केली, टाच निसटू नये म्हणून कडेला वळवली. पॅडल कसलं, यांच्या टाचेचं घरच झालं ते.

आणि एक दिवस हे बसले, टाच टेकवली, आणि पॅडल गेलं. पुरतं गेलं. गिअर पडला, आवाज नाही. मी पोरीसारखी टाळी वाजवली.

मग यांनी पॅडल सोडलं, आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा उड्या. दर उडीला पॅडल खालून टाचेला लाथ मारायचं, त्याची कळ पार नडगीत जायची. हे दात दाबून बसायचे, पण मला दिसायचंच की. भाऊजींनी मला बॉनेट उघडून आत बघायला सांगितलं, आणि मी जे बघितलं ते सांगितलं. गाडी उठायला लागली की इंजिन रबरावर एका अंगाला कलंडत होतं. पॅडलचा जोर इंजिनकडं नेणारी आडवी दांडी मात्र चॅसिसला दोन्ही टोकांनी घट्ट. इंजिन हललं, दांडी हलली नाही, की मध्ये ओढाताण. रबर नव्हतं तेव्हा गाडी फुटत होती, रबर घातलं तर पाय फुटायला निघाला. आगीतून फुफाट्यात. भाऊजी म्हणायला लागले, रबर काढून टाकू. हे म्हणाले, मग इंजिनचा पाय परत तडकंल. दोघांची पहिल्यांदाच चांगली जुंपली.

आबा बाजूला बसून बैलाच्या गळ्यातला पट्टा शिवत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"जुवाला कुणी खिळा मारतं का रं?" ते म्हणाले. "दोरानं बांधत्यात. एक बैल पुढं झाला, एक मागं ऱ्हायला, तरी जू फिरतंय. म्हून मान वाचती."

भाऊजी उठले. खळ्याच्या कोपऱ्यात औत पडलं होतं, तिथं जाऊन उकिडवे बसले आणि त्या दोराच्या गाठीकडं कितीतरी वेळ बघत राहिले. पुढच्या आठवड्यात येताना दोन गोल गोळे करून आणले, सुपारीपेक्षा थोडे मोठे, आणि ते बसतील अशा दोन वाट्या. आडव्या दांडीचं एक टोक चॅसिसवर ठेवलं, दुसरं इंजिनवरच नेलं, आणि दोन्हीकडं गोळा वाटीत फिरता ठेवला. आता इंजिन कलंडलं की दांडी त्याच्याबरोबर कलंडायची. पॅडलला पत्ताच लागायचा नाही. करून झाल्यावर भाऊजींनी सवयीनं खिशातून पाणसळ काढली, स्वतःशीच हसले आणि परत खिशात घातली.

तोवर दसरा आला. कंपनीत खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, दुसऱ्या दिवशी आमच्या खळ्यात गाडीची. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. निम्मा गाव जमला होता, आणि त्यातले निम्मे उड्या बघायला आलेले. हे चढून बसले. पाय हातांनी उचलून ठेवावा लागला, तेव्हा कुणीतरी मागं कुजबुजलं. मी वळून असं बघितलं की परत कुणी तोंड उघडलं नाही.

टाच दाबली गेली. गिअर पडला. मग ती टाच हळूहळू वर आली, आणि लिंबं फुटल्याचा बारीक आवाज झाला. गाडी चालली होती. लोण्यासारखी. खळ्याच्या तोंडातून बाहेर पडली, मारुतीला वळसा घातला आणि दिसेनाशी झाली. भाऊजी मातीत बसले ते उठेनात. आबा म्हणाले, आरं उठ, गेला त्यो. आणि मी तिथं हातात आरतीचं ताट घेऊन उभी. मला विसरूनच गेले होते हे! भलताच राग आला मला. इतका आनंदाचा राग मला परत कधी आला नाही.

थोड्या वेळानं धूळ उडवत परत आले, दार उघडलं आणि म्हणाले, "बस."

आम्ही चिखली, मोशी करत नाशिक रस्त्याला लागलो. चाकणला तेव्हा कंपन्या नव्हत्या, कांद्याचा बाजार होता, आणि दसऱ्याचा म्हणून तोही रिकामा. पुढं राजगुरुनगरपर्यंत गेलो. स्टँडसमोर कागदावर भजी घेतली आणि गाडीतच बसून खाल्ली. यांचं तोंड थांबेना. कुठल्या घाटात कुठला गिअर, कुठल्या पुलावर कसं वळण, सगळं सांगत होते, जसं काही मीच उद्यापासून ड्रायव्हर होणार होते. आणि मी, जिची जीभ गावात प्रसिद्ध, ती गप्प बसून यांच्या टाचेकडं बघत होते. टाच दाबली गेली की माझ्याही डाव्या पायाचा अंगठा खाली पत्र्यावर दाबला जायचा. एक दिवस परत देतो म्हणून कुणी म्हणालं, तर मी लग्नाचा दिवस मागणार नाही. मी हा मागीन. भज्यांसकट.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. बरे दिवस असेच जातात मेले. नोकरी स्टोअरचीच राहिली, पण शिफ्ट सुटल्यावर आणि गुरुवारी गाडी निघायची. कांदा, मेथी, कोथिंबीर, लग्नाची वऱ्हाडं, मांडवाचं सामान. त्या खिडकीमागं बसलेले हे आता स्टुलावरून कामगारांची चेष्टा करायचे, असं भाऊजी सांगायचे. मी वेळ मिळाला की शेजारी बसायची. माझी जागा ठरलेली आणि माझा अंगठाही ठरलेला. पुढं भाऊजींना त्यांच्या मुलखाकडं, औरंगाबादला काम मिळालं. आईवडील म्हातारे झाले होते त्यांचे. पण दसऱ्याला यायचे. आले की आधी गाडीखाली जायचे, मग चहा.

हे गेले ते स्टोअरमध्येच. सकाळी कुणाला तरी हातमोजे काढून देता देता छातीत कळ आली आणि स्टुलावरच संपलं. त्रास झाला नाही म्हणतात. मला नेहमी वाटतं, जायचंच होतं तर गुरुवारी जायचं होतं, गाडीत. पण ते आपल्या हातात असतं का?

गाडी खळ्यात उभी राहिली. माझा धाकटा भाऊ आता आबांचं शेत बघत होता. काढलेला कांदा चाकणला न्यायचा होता, आणि घरात गाडी असून ती चालवता येईना. तो बसायचा, चवड्यानं दाबायचा, पाय निसटायचा. धडधाकट पायाचा जोर, त्यामुळं पॅडल एकदम खाली जायचं, एकदम वर यायचं आणि इंजिन बंद. गुडघा स्टिअरिंगवर आपटायचा तो वेगळाच. दोन चांगले ड्रायव्हर बोलावून बघितले, त्यांचंही तेच. त्यातला एक हसला, म्हणाला, हे पॅडल कुणी लावलंय, येडा होता का? त्याला मी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण कांदा घरात सडायला लागला होता. आबा थकले होते. गाडी पुजून ठेवायला आम्ही काही राजे नव्हतो. शेवटी मीच भाऊजींना निरोप धाडला.

ते आले तो गुरुवारच होता, मुद्दाम धरून आले असतील. मी त्यांना खळ्यात नेलं आणि उगाच वळणं न घेता सांगितलं.

"भाऊजी, पॅडल सगळ्यांसारखं करून द्या."

त्यांनी पिशवीतून पाना काढला. गाडीचं दार उघडलं, खाली मातीत बसले, पूर्वी बसायचे तसे, आणि पाना मांडीवर ठेवला. पट्टीची वळवलेली कड टाचेनं घासून चकचकीत झाली होती. त्यावर त्यांनी आपला उजवा तळहात ठेवला आणि दाबला. पॅडल हळूच गेलं, तळापर्यंत. तिथं त्यांनी ते थोडा वेळ धरलं.

"एवढाच जोर होता, वहिनी," ते म्हणाले. "बरोबर एवढाच."

पॅडल त्यांनी बेतानं वर येऊ दिलं. मग तो हात काढला, आणि छातीला लावला.

मला वाटलं होतं मी रडणार नाही. ते वर न बघता पाना घेऊन आत वाकले आणि पहिला नट सोडवायला लागले. लांब दांडी निघाली, स्प्रिंग निघाली, पट्टी कापून सरळ केली. मी शेवटपर्यंत तिथंच उभी होते, डाव्या पायाचा अंगठा मातीत रुतवून. ऊन कलायच्या आत काम झालं. माझा भाऊ चढून बसला, गिअर टाकला आणि पहिल्या झटक्यात गाडी खळ्याबाहेर काढली. बघणारे म्हणाले, आता कशी सरळ झाली. खरंच होतं ते. आता ती कुणालाही चालवता येत होती.